सहरी ते इफ्तार पुरणारा कण

२ फेब्रुवारी, सकाळ

संस्कृतीच्या ऱ्हासाला नेमकी सुरुवात कुठून होते, याबद्दल विद्वानांत मतभेद असतील. माझ्या मते ती आमच्या विभागाच्या फ्रीझरच्या दुसऱ्या कप्प्यातून होते. आज पुन्हा माझ्या पॉलिमरच्या बाटलीवर भेंडीची पिशवी. फ्रीझरच्या दारावर मी स्वहस्ते पाटी लावली आहे: ‘येथे अन्न ठेवू नये.’ पाटी जागच्या जागी आहे. तिच्यावर कोणीतरी चुंबकाने पिझ्झावाल्याचा नंबर चिकटवला आहे.

विभागप्रमुख डॉ. सोहैर यांच्याकडे रीतसर तक्रार केली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि भेंडी त्यांचीच आहे असं सांगितलं. रमजान जवळ आलाय, घरच्या फ्रीझरमध्ये जागा नाही, आणि माझी बाटली काही भेंडी खात नाही, असं त्यांचं म्हणणं.

पॉलिमरची योग्यता या बाईंना कळणार नाही. ऑपरेशनमधल्या विरघळणाऱ्या टाक्यांचा हा चुलतभाऊ. शरीरात जातो, नेमलेलं काम करतो आणि मग हळूहळू विरून जातो. काम झाल्यावर नाहीसं होण्याचा हा गुण मी विभागातल्या एकाही सदस्यात पाहिलेला नाही.

संकल्प: पाटी मोठ्या अक्षरात.

३ फेब्रुवारी

पाटी मोठ्या अक्षरात लावली. भेंडीशेजारी आता सोललेली कबुतरं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सुट्टी. अलेक्झांड्रियाच्या सिदी बिश्रमधल्या या फ्लॅटमध्ये शुक्रवारी इतकी शांतता असते की समोरच्या बिल्डिंगमध्ये कोणाची चहाची किटली केव्हा उकळली हे मला इथे कळतं. एकांत हे संशोधकाचं खरं धन. लग्न केलं असतं तर आज कुठल्या तरी मेव्हण्याकडे मासे खात बसलो असतो आणि विज्ञान खोळंबलं असतं.

या निवांतपणाचा लाभ घेऊन योजना एकदा स्वच्छ मांडून ठेवतो.

नफीसाताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. शाळेतून निवृत्त झाली, स्वभावातून झाली नाही. राहते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, अनफूशीत, बंदराजवळ. एकटीच. तिच्या फुप्फुसातल्या नळ्या सैल होऊन रुंदावल्या आहेत आणि तिथल्या कफात एका चिवट जंतूने बिऱ्हाड केलं आहे. त्यावर उपाय म्हणजे प्रतिजैविकाची वाफ, मशीनमधून, दिवसातून तीन वेळा. अकरा महिने ताई हे शाळेच्या घंटेसारखं पाळते. बाराव्या महिन्यात रोजे धरते आणि दुपारची वाफ बंद. मागच्या वर्षी ईद होते न होते तोच छातीच्या इस्पितळात न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आजाऱ्याला धर्मानेच सूट दिली आहे. ताई म्हणाली, सूट आजाऱ्याला आहे, मला नुसता खोकला आहे.

तेव्हा मार्ग शास्त्रानेच काढला पाहिजे. औषध पॉलिमरच्या सूक्ष्म कणांत कोंडायचं. कण एवढे बारीक की कफाच्या जाळीतून सरळ आत. नुसते ओढले तर श्वासाबरोबर तसेच बाहेर येतील, म्हणून साखरेच्या जरा मोठ्या दाण्यात बसवून पाठवायचे. साखर तिथे विरघळते, कण उरतात आणि दिवसभर थोडं थोडं औषध सोडत बसतात. पहाटे सहरीला एक झुरका, इफ्तारपर्यंत निश्चिंती. रोजाही शाबूत, फुप्फुसंही.

रमजान १ मार्चला. म्हणजे चांगले तीन आठवडे आहेत. परदेशात अशा कामाला दहा-बारा वर्षं लागतात असं वाचलं. परदेशात मीटिंगा फार असतात.

१० फेब्रुवारी

कण तयार. मापाच्या यंत्रात घातले. आलेखात शिखर हवं तिथेच. त्याच्या उजव्या हाताला आणखी एक उंचवटा आला, म्हणजे कण एकमेकांना चिकटून गोळे झाले असं कोणी म्हणेल. धूळ असावी. पुन्हा मोजलं. उंचवटा वाढला. धूळ वाढली असावी.

११ फेब्रुवारी

कण गोठवून सुकवले. भुकटी अपेक्षित होती. निघाली वडी, हुबेहूब रव्याचा बसबूसा. डॉ. सोहैर जाता जाता डोकावल्या आणि पाक वरून घालणार की आधीच घातलाय, असं विचारून गेल्या.

हसणारे हसोत. दिसायला वडी असली तरी ती वृत्तीने भुकटीच आहे. खलबत्त्यात हलक्या हाताने कुटली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अनफूशीला गेलो. कोरडी भुकटी ओढायला श्वास जोरात घ्यावा लागतो, म्हणून सरावाची प्लास्टिकची शिट्टी नेली होती. श्वास पुरेसा जोरात ओढला की ती वाजते, नाहीतर मुकी राहते. ताईने ओढला. मुकी. पुन्हा ओढला. मुकी. तिसऱ्यांदा ओढताना खोकल्याची उबळ आली, ती बरीच चालली. मग शिट्टी उलटसुलट करून पाहत म्हणाली, “शाळेत मी नुसतं पाहिलं तरी वर्ग गप्प बसायचा. मला शिट्टी कधी लागली नाही, रिफात.”

मी ओढून दाखवला. शिट्टी एवढी खणखणीत वाजली की मांजर कपाटावर जाऊन बसलं.

निष्कर्ष: शिट्टी सदोष. घरी मी रोज सराव केल्यामुळे ती माझ्याच श्वासाला सरावलेली दिसते. कंपनीला कडक मेल.

मासे उत्कृष्ट. ताई माझ्याबरोबर जेवली नाही, नंतर जेवते म्हणाली. ताटावर बसून श्वास पुरत नाही असं काहीसं. निघताना डबा दिला. जिना उतरताना वरून तिचा खोकला येत होता. मी जरा भरभर उतरलो, मायक्रोबस चुकली असती.

१८ फेब्रुवारी

धर्मशास्त्रीय अडचण. ताईने फोन करून विचारलं, तुझा कण केवढा? मी सांगितलं, केसाची जाडी घे आणि तिचे काही शे भाग कर. ती खूश झाली. तडक मशिदीत जाऊन शेखसाहेबांना विचारून आली की डोळ्याला दिसतच नाही अशा वस्तूने रोजा मोडतो का. नसला मोडत तर दुपारीही घेता येईल. शेखसाहेबांनी कणाचं माप ऐकून घेतलं म्हणे, मान डोलावली, आणि विचारलं, “हा कण आत जावा म्हणूनच केलाय ना? मग तो गेला, हाग्गा.” वडीलधाऱ्या बाईला इथे हाग्गाच म्हणतात. शिवाय आजाऱ्याने रोजाच धरू नये, एका गरिबाला रोज जेवू घालावं, असंही सांगितलं. ताईने पहिलं वाक्य घेतलं, दुसरं सोडून दिलं.

एकंदरीत पहाटेचाच झुरका. माझी मूळ योजना धर्माच्या कसोटीला उतरली, असं म्हणायला हरकत नाही.

२४ फेब्रुवारी

समुद्रावरचं वादळ दरवर्षीप्रमाणे आपल्या ठरल्या दिवशी आलं. कॉर्निशवर, किनाऱ्याच्या रस्त्यात, लाटा. लॅबच्या भिंतींना घाम.

नवीन घाणा केला. पॉलिमरची बाटली फ्रीझरमधून काढली की लगेच उघडायची नसते, खोलीच्या उबेला येऊ द्यायची असते. नाहीतर आत दव धरतं आणि पॉलिमर बाटलीतच विरायला लागतो. हे मी विद्यार्थ्यांना वीस वर्षं शिकवतो आहे. विद्यार्थ्यांना नियम हवेतच. अनुभवी हाताची गोष्ट वेगळी; शिवाय पहारेकरी अम्म बयूमी किल्ल्या वाजवत दारात उभा होता. उघडली.

पॉलिमर थोडा चिकट वाटला. भेंडीच्या सहवासाचा परिणाम.

१ मार्च, रात्र

पहिला रोजा. इफ्तार ताईकडे. गल्लीभर कंदील, पोरांचा गोंगाट. जर्दाळूचं सरबत, सूप, भरलेली कबुतरं. ताईने दिवसभर उभ्याने सगळं केलं असणार, कारण बांग झाली तेव्हा तिचे ओठ मला निळसर दिसले. कंदिलाचा निळा काचेचा तुकडा मध्ये होता, त्याचा प्रकाश असेल.

उद्या येतोस ना, असं तिने विचारलं. मी समजावून सांगितलं की येता येणार नाही. औषध किती वेळात सुटतं याची चाचणी लागते: कण कोमट पाण्यात ढवळत ठेवायचे आणि पाण्यात औषध किती उतरलं ते मोजत जायचं. ते ढवळण्याचं यंत्र दिवसभर डॉ. सोहैर यांच्या विद्यार्थ्यांकडे. रिकामं मिळतं ते मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या बांगेच्या, आधी, सगळे घरी पळतात तेव्हा. तिच्यासाठीच चाललंय सगळं, मग तिनेच समजून घ्यायला हवं. तिने समजून घेतलं. उरलेली कबुतरं बांधून दिली.

३ मार्च

मगरिबला थोडा अवकाश असताना कण पाण्यात सोडले. शून्य वेळ, शून्य औषध: पहिला ठिपका. दर तासाला पाणी काढायचा बेत होता. पण अम्म बयूमी दिवे घालवतच वर आला. “दोक्तूर, आख्ख्या अलेक्झांड्रियात आत्ता दोनच माणसं उपाशी आहेत. एक मी, आणि माझं कारण तुम्ही.” इमारतीला कुलूप. यंत्र आत ढवळतं आहे, मी बाहेर. हरकत नाही. कणांना माझी उपस्थिती लागत नाही.

रस्ता एवढा रिकामा की सिग्नल कोणासाठी बदलत होते कळेना. घरी डबाबंद उसळ.

४ मार्च, सकाळ

ऐतिहासिक दिवस. इमारत उघडल्याबरोबर पाणी काढलं, मोजलं. औषध पूर्ण उतरलेलं: दुसरा ठिपका. दोन्ही ठिपके पट्टीने जोडले. सरळ रेघ. संध्याकाळपासून सकाळपर्यंत औषध संथ, सम, अविचल गतीने सुटत राहिलं. अशा रेघेसाठी लोक आयुष्य घालवतात.

ताईला ताबडतोब फोन. कणबिण तपशील गाळला, तिला निष्कर्षात रस असतो. म्हटलं, ताई, औषध तेच. पण पहाटे सगळं एकदम घेतलं की थेट इफ्तारपर्यंत पुरतं, आज सिद्ध झालं. ती म्हणाली, “आईला सांगायला हवं होतं रे हे.”

दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. चांगल्या अर्थाने.

८ मार्च

रोज तोच प्रयोग, रोज तीच रेघ. मगरिबला कण पाण्यात, कुलूप, घर. सकाळी दुसरा ठिपका. पुनरावृत्ती हा शास्त्राचा प्राण.

समोरच्या गच्चीवर पंचवीसेक माणसं लांब टेबलावर इफ्तारला बसतात. खिडकी बंद ठेवतो, वासाने एकाग्रता ढळते. आज तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी ताट पाठवलं. एकट्या माणसाला असं ताट पाठवण्यात एक प्रकारची करुणा असते, ती मला मान्य नाही. ताट मात्र चविष्ट होतं.

ताईने फोनवर पुन्हा विचारलं. म्हटलं, निकाल पूर्ण हातात आला की येतो. पेपरचा मसुदा घेऊनच येतो. तीही एकटीच बसते इफ्तारला, म्हणाली. रेडिओ लावून.

१२ मार्च

ताईने माझी कीर्ती गल्लीभर केली आहे. मासेवाल्यालासुद्धा माहीत आहे की हाग्गाच्या भावाने दिवसभर पुरणारं औषध काढलं. फोनवर आवाज जरा तुटक वाटला. पहाटेच्या वाफेनंतर छाती आवळल्यासारखी होते म्हणाली, पण तू सांगितलंस तसंच चाललंय, काळजी करू नकोस. मी म्हटलं, हवा दमट आहे, वादळाचे दिवस, सगळ्यांचंच होतं. माझं ती किती काटेकोरपणे ऐकते, याचं समाधान वाटलं. लहानपणी उलट होतं.

१६ मार्च

विभागाची बैठक. रेघ पडद्यावर दाखवली. मला वाटलं होतं काही क्षण कोणी बोलणार नाही, आणि तसंच झालं. मग डॉ. सोहैर यांनी चष्मा काढला. “डॉक्टर रिफात, दोन ठिपक्यांतून सरळ रेघच जाते. त्यात औषधाचं काय कौतुक?” मधले ठिपके कुठे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मधल्या वेळात इमारतीला कुलूप असतं. तेव्हा मागून कोणीतरी, मगरिबला कणही घरी जात असतील, असं म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो. उपोषित लोकांचं हसणं जरा जास्तच होतं.

भेंडीवाल्या बाईंकडून निसर्गाच्या सातत्यावर शंका. रात्री सूर्य दिसत नाही म्हणून तो नसतो का? मधले ठिपके आहेतच, फक्त काढलेले नाहीत.

१७ मार्च

झोप लागली नाही. रागाने.

२० मार्च

शेवटी एकदा तोंडं बंद करावीत म्हणून ठरवलं: इफ्तारला लॅबमध्येच थांबायचं. अम्म बयूमीला पटवायला अर्धा तास गेला. मग तोच खजूर, ब्रेड आणि चीज घेऊन वर आला, मधल्या टेबलावर पसरलं, आणि म्हणाला एकट्याने रोजा सोडू नये. दोघांनी मिळून खाल्लं. बरं वाटलं, हे लिहून ठेवायला हरकत नाही.

कण पाण्यात घातल्यावर तासाभराने पहिलं पाणी काढलं. मोजलं.

पुन्हा मोजलं.

दुसरी बाटली लावली. तासाभराने तेच. औषध सगळं बाहेर. नंतरच्या प्रत्येक ठिपक्याला तेवढंच, कारण सुटायला काही उरलेलंच नाही. ती रेघ नाही. भिंत आहे, उभी, आणि तिच्यावर सपाट गच्ची.

अम्म बयूमीने विचारलं, वाईट बातमी का? म्हटलं, यंत्राला विश्रांतीची गरज आहे.

२१ मार्च, शुक्रवार

कारणमीमांसा. भेंडी. दमट हवा. यंत्र. पॉलिमर पुरवणाऱ्याची नियत. बाटली गार असताना उघडली हेही एक कारण संभवतं, पण ते क्रमाने शेवटचं.

ताईला सांगायला हवं. पण रमजानचे थोडेच दिवस उरलेत, उगाच तिचा हिरमोड. ईदला प्रत्यक्ष भेटीत सांगेन. तिला तरी त्या रेघेचं काय करायचंय? तिचं औषध वेगळं, मशीन वेगळं, तीन वेळांचं वेळापत्रक वेगळं. दुपारचं बुडतं, ते दरवर्षीच बुडतं. माझे कण लॅबबाहेर गेलेलेच नाहीत. त्यामुळे कोणाचं काही नुकसान झालेलं नाही.

२३ मार्च

आज तिचा फोन आला नाही. मी केला, उचलला नाही. तरावीहच्या नमाजला गेली असेल.

२४ मार्च

पहाटे तिच्या शेजारणीचा, उम्म हानीचा फोन. ताईला इस्पितळात नेलंय. सहरीनंतर वाफ घेतली आणि श्वास येईना. उम्म हानीने दार वाजवलं म्हणून कळलं, नाहीतर.

डॉक्टर तरुण होते, दमलेले होते, आणि रागावलेले होते. त्यांनी मला कॉरिडॉरमध्ये घेतलं. पेशंटने तीन आठवडे दिवसाची औषधं पहाटे एकदम घेतली, म्हणाले. एवढ्याने आतल्या नळ्या आवळतात. वर दिवसभर पाणी नाही, कफ घट्ट, आणि दुपार-संध्याकाळ जंतूला मोकळं रान. असं करायला तिला कोणी सांगितलं, असं मी विचारणार होतो. त्यांनी आधीच सांगितलं: “त्या म्हणतात, माझा भाऊ या विषयातला प्रोफेसर आहे, त्यानेच सांगितलं. कोण आहे हा प्रोफेसर?”

मी म्हटलं, मी चौकशी करतो.

२५ मार्च

दिवसभर तिथेच. ताई झोपेत. मास्कमधून आवाज येतो. लॅबला कळवलं नाही. कोणी विचारलंही नाही.

२७ मार्च

ताई जागी. बोलते, तुटक. मास्क काढून बोलते, नर्स ओरडते, ती नर्सला एकदा पाहते, नर्स गप्प बसते.

मी सगळं सांगितलं. ती रेघ मीच काढली होती. मधले ठिपके नव्हते. औषध तासाभरात संपतं. आणि तुझ्या मशीनच्या औषधाशी तर तिचा काही संबंधच नव्हता, मी तेव्हा ते स्पष्ट सांगितलं नाही, सांगावंसं वाटलंही नाही.

ती छताकडे पाहत होती. मला वाटलं, आता रागावेल. रागावली असती तर मला पुढचं बोलता आलं असतं. पण तिने मुख्याध्यापिकेसारखी शंका काढली. मधले ठिपके का नव्हते? म्हटलं, मगरिबला इमारतीला कुलूप लागतं, मी बाहेर. मग तिने मास्क बाजूला केला.

“म्हणजे तू लॅबमध्ये नव्हतास. माझ्याकडेही नव्हतास. मग रोज मगरिबला तू होतास कुठे?”

घरी, म्हटलं. उसळ खात होतो.

“एकटा?”

हो.

“मीही एकटीच होते की रे,” ती म्हणाली, आणि मास्क पुन्हा लावला.

मी मायक्रोबसबद्दल काहीतरी सांगितलं. संध्याकाळी फार गर्दी असते असं. मगरिबला या शहरात मायक्रोबसमध्ये ड्रायव्हरसुद्धा नसतो, हे तिला माहीत आहे.

२९ मार्च

डॉ. सोहैर इस्पितळात आल्या. त्यांना कोणी सांगितलं माहीत नाही. ताईसाठी सूप आणलं होतं, माझ्यासाठी भेंडीचं कालवण. प्रयोगाबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. निघताना म्हणाल्या, बाटली नवीन मागवू, आणि यावेळी उघडायच्या आधी दोघं मिळून वाट बघू. मी त्यांना काहीतरी टोचून बोलायला हवं होतं. सुचलं नाही.

कालवण इस्पितळाच्या पायरीवर बसून संपवलं.

३१ मार्च, ईद

सकाळी नमाज झाल्यावर सरळ इस्पितळात. वॉर्डात नवे कपडे घातलेली पोरं, साखर भुरभुरलेली ईदची बिस्किटं म्हणजे कहक, नर्सच्या खिशात टॉफ्या. ताईने कहक मागितलं, एक घास घेतला, पुढचा गिळवला नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की जे फुप्फुस गेलं ते परत येणार नाही. घरी जाईल, सिलिंडरसह. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पुढच्या रमजानबद्दल तिनेही काही विचारलं नाही. दरवर्षी ईदला तिचं पहिलं वाक्य पुढच्या रमजानबद्दल असतं.

संकल्प लिहायला वही उघडली होती. सुचत नाही.

तिने विचारलं होतं त्याचं उत्तर इथे लिहितो, कारण इथे कोणी वाचत नाही. तिचा खोकला मला ऐकवत नाही. म्हणून मी जात नव्हतो. लॅबमध्ये बसून तो खोकला थांबवायचं ठरवलं की तो ऐकायला लागत नाही, एवढाच त्या सगळ्या संशोधनाचा उपयोग होता.

ताई जाईल याची मला भीती वाटते. ती गेल्यावर मी उरलो की नाही याची कोणीच चौकशी करणार नाही, याची त्याहून जास्त वाटते. हा क्रम उलटा असायला हवा होता. पुष्कळ विचार केला. उलटा होत नाही.